खाली डावीकडे

पिस्तुलाशी कुणी अबोला धरतं का? मी धरला होता. रोज सकाळी शस्त्रागारातून ते ताब्यात घ्यायचं, कमरेला लावायचं आणि दिवसभर त्याच्याकडे ढुंकूनही बघायचं नाही, असे माझे काही दिवस गेले. नवऱ्याला हे सांगितलं तर तो म्हणाला, "चला, माझ्याशिवाय अजून कुणाशी तरी तू अशी वागतेस. बरं वाटलं."

मी पोलिसात आहे. घर डहाणूला आणि नोकरी तलासरीच्या बाजूला, गुजरातच्या हद्दीला लागून. माझ्या नाकाच्या शेंड्यावर राग असतो हे दोन्ही तालुक्यांत सगळ्यांना माहीत आहे, त्यामुळे ते लपवण्यात काही अर्थ नाही. नोकरीची पहिली कितीतरी वर्षं मी ठाण्याच्या आतच काढली. वायरलेसवर बसा, टपाल बघा, कुणाची बायको रडत आली तर तिच्या शेजारी बसा. कामं वाईट नव्हती. पण बाहेर काही घडलं की जीप धुरळा उडवत निघून जायची आणि माझ्या वाट्याला "ताई, तुम्ही जरा फोनकडे लक्ष ठेवा" एवढंच यायचं. शेवटी मी हात धुऊन साहेबांच्या मागे लागले. साहेब बदलले की नव्या साहेबांच्या मागे. हसून सांगितलं, रागावून सांगितलं, एकदा तर चहा पिता पिता इतकं सांगितलं की साहेबांचा चहा गार झाला. आणि एकदाचं मला महामार्गावरच्या नाकाबंदीच्या पथकात घेतलं.

काय सांगू, लग्नात झाला नव्हता इतका आनंद मला त्या दिवशी झाला. उन्हात उभं राहायला मला आवडतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळलं. सकाळी हद्दीकडून गाड्या यायला लागतात. सुरतेहून मुंबईला निघालेली कुटुंबं काच खाली करून "बेन, शुं थयुं?" विचारतात, आणि मी माझ्या मोडक्या गुजरातीत "कंई नथी, डिकी खोलो" म्हणते. वेवजीकडच्या बायका टेम्पोत दाटीवाटीने उभ्या राहून कामाला जाताना माझ्याकडे बघून हात हलवतात. पहिल्या पहिल्यांदा त्या लाजायच्या, आता टेम्पो थांबला की "बाय, जेवलीस का?" असं विचारतात. ट्रकवाले मला बघून आधी हसतात आणि मी टपावर चढले की हसायचे थांबतात. दुपारी चारोटीला गाडी लावून चहा घेतो, त्या चहाची चव ठाण्यातल्या चहाला कधीच नव्हती. आणि पथकात मी सगळ्यात चांगली नेमबाज होते. होते म्हणजे जुन्या रिव्हॉल्व्हरने. ते जाडजूड, काळं, माझ्या आधी किती जणांनी वापरलेलं कुणास ठाऊक, पण माझ्या हातात ते भाकरी थापल्यासारखं बसायचं. त्याचा चाप जड आणि लांब. पण पहिल्यापासून शेवटपर्यंत सारखा जड, त्यात काही लपवाछपवी नाही.

मग नवी पिस्तुलं आली. छोटी, हलकी, कपड्यांखाली दिसायचीसुद्धा नाहीत अशी. साहेबांनी सगळ्यांना उभं करून सांगितलं की पथकातल्या प्रत्येकाला आता हेच वापरायचं आहे, दिवाळीनंतर जिल्ह्याहून गोळीबाराचे उस्ताद येऊन परीक्षा घेतील, आणि जो नापास होईल त्याने पथकातून बाहेर पडून ठाण्यातलं काम बघायचं. असं म्हणताना ते कुणाकडेच बघत नव्हते. मी मनात म्हटलं, बघा की माझ्याकडे, मला कसली भीती. मग ते माझ्याकडे बघून म्हणाले, "तुमची तर काळजीच नाही." आमच्यातले सगळ्यात जुने हवालदार, ज्यांना आम्ही सगळेच काका म्हणतो, ते मात्र सुस्कारा सोडून म्हणाले, "निवृत्तीला टेकल्यावर नवी सून घरात आणलीत साहेब."

पिस्तुलं आली ती नेमकी दसऱ्याच्या तोंडावर. दसऱ्याला आमच्याकडे शस्त्रपूजा असते. टेबलं जोडून त्यावर पांढरी चादर घालतात, रायफली मांडतात, झेंडूचे हार, आपट्याची पानं, नारळ. त्या वर्षी जुन्या रायफली मागे सरकल्या आणि नवी पिस्तुलं मानाने पुढे आली. त्यातलं माझं अगदी कडेला, येणाऱ्याच्या हाताशी होतं. साहेबांनी पूजा केली, मग आम्ही केली, मग गावातली मंडळी आली, मग समोरचा चहावाला आला आणि त्याच्यामागून त्याची बायको आली. ज्याने त्याने हळद, कुंकू आणि अक्षता वाहिल्या. कुंकू टिकावं म्हणून कुणीतरी आधी तेलाचं बोट लावलं. मीही चार अक्षता जास्त वाहिल्या, कारण नवीन वस्तूचं कौतुक असतंच. संध्याकाळी आम्ही पिस्तुलं फडक्याने पुसली आणि ठेवून दिली. बाहेरून ती छान चकाकत होती.

मग पहिला सराव. आमचं गोळीबाराचं मैदान डोंगराच्या पायथ्याशी आहे. मागे मातीचा उंच बांध, समोर लक्ष्याचे कागद. उस्ताद आले होते, बारीक अंगाचे, आवाज चढवायची गरज न पडणारे. ते म्हणाले, "आधी हळूहळू मारा. ओळख करून घ्या."

मी उभी राहिले. आधी तर मूठच धड बसेना. पिस्तुलाची मूठ इतकी आखूड की करंगळीला जागाच नाही, ती बिचारी खाली लोंबकळत राहिली. नेम धरला. चाप ओढायला लागले तर बोटाखाली खरखर, वाळूतून डबा ओढल्यासारखी. मधेच तो अडला. मी जोर केला, तो सुटला आणि धाडकन गोळी गेली. मी दचकले. चक्क दचकले, एवढ्या वर्षांच्या नोकरीत. असंच करत सगळ्या गोळ्या संपवल्या आणि मग कागदापाशी गेलो.

कागदाच्या मधल्या काळ्या गोळ्यात एकही भोक नव्हतं. सगळी भोकं खाली डावीकडे, कोपऱ्यात, सभेला उशिरा आलेली माणसं दाराशी उभी राहतात तशी. काही तर कागदावरसुद्धा नव्हती.

काका माझ्या खांद्यावरून डोकावून म्हणाले, "ताई, लक्ष्य मधे आहे हो. तो कोपरा कागद चिकटवायला असतो."

मी त्यांच्याकडे बघितलं. ते गुपचूप आपला कागद बघायला गेले. त्यांचीही भोकं इकडेतिकडे होती, पण निदान मधल्या काळ्याच्या आसपास फिरत होती. पथकात त्या दिवशी सगळ्यात वाईट नेम माझा होता.

परत येताना जीपमध्ये मी बोलतच होते. नेम धरायची खूण वाकडी आहे. मूठ लहान मुलांसाठी केलेली आहे. गोळ्या जुन्या आहेत. चाप तर असा की विचारायलाच नको. उस्ताद पुढच्या सीटवर बसून ऐकत होते. उतरताना ते एवढंच म्हणाले, "खरखर लागते म्हणता ना, तर उद्या उघडून बघू."

दुसऱ्या दिवशी ठाण्यात टेबलावर जुनं वर्तमानपत्र पसरलं. पिस्तुल रिकामं असल्याची उस्तादांनी खात्री केली, मग मी केली, मग परत उस्तादांनी केली. मग मी ते सुटं केलं. आणि आतून काय निघावं? लाल चिखल. तेलात भिजलेलं कुंकू चापाच्या पट्टीवर थापलं गेलं होतं, त्यात हळद मिसळून शेंदरासारखा रंग आला होता. उस्तादांनी काडीने कोरलं तर एका कोनाड्यातून अख्खी अक्षत बाहेर आली. अर्धी नव्हे, अख्खी.

मग साहेबच आधी हसले. मग मी हसले, मग सगळं ठाणं. चहावाला काय झालं म्हणून बघायला आला आणि कळल्यावर तोंड लपवून पळाला, कारण तेलाचं बोट त्याचंच होतं. उस्तादांनी विचारलं, "एवढी पूजा कुणी केली?" काका म्हणाले, "सगळ्यांनी मिळून केली साहेब. देव प्रसन्न झाला नि आत जाऊन बसला." त्यांनी ती अक्षत मात्र कचऱ्यात टाकू दिली नाही. हात जोडले आणि अंगणातल्या तुळशीत नेऊन ठेवली. इतरांची पिस्तुलं उघडली तर त्यांतही थोडंथोडं कुंकू होतं, पण माझ्यासारखा अभिषेक कुणाचाच झाला नव्हता. उस्ताद म्हणाले की पुढच्या दसऱ्याला पिस्तुल पिशवीत घालून पिशवीची पूजा करा.

पिस्तुल स्वच्छ झालं. चाप आता लोण्यासारखा चालायला लागला. थोडं मऊ मागे येतं, मग एक भिंत लागते, ती भिंत ओलांडली की गोळी सुटते. मी खूश. त्या दिवशी घरी गेले ती गाणं गुणगुणतच. नवऱ्याला सगळी गोष्ट सांगितली, तो इतका हसला की त्याला ठसका लागला. तो रेल्वेत सिग्नलच्या खात्यात आहे. म्हणाला, "आमच्याकडे सिग्नलला कुणी कुंकू लावत नाही, नशीब."

आणि मग दुसरा सराव झाला. आता खरखर नाही, अडणं नाही, गोळ्याही नव्या पेटीतल्या. मी ऐटीत उभी राहिले, मारल्या, ऐटीत कागदापाशी गेले.

खाली डावीकडे.

उस्तादांनी माझं पिस्तुल घेतलं, स्वतः उभे राहिले आणि गोळ्या मारल्या. सगळ्या मधल्या काळ्यात, एकमेकींना चिकटून. त्यांनी पिस्तुल परत माझ्या हातात दिलं आणि म्हणाले, "बाई, पिस्तुल निर्दोष सुटलं. आता खरा आरोपी शोधा."

तेव्हापासून माझा तो अबोला सुरू झाला. राग पिस्तुलाचा नव्हता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माणूस आपल्या हातावर रुसू शकत नाही, हाताने जेवायचं असतं. महामार्गावर उभी राहिले की मी मनात दिवस मोजायची. दिवाळी झाली की परीक्षा, आणि परीक्षा झाली की परत तो वायरलेस, परत तो फोन. ट्रकवाला हसला तरी मला वाटायचं, याला कळलंय. टेम्पोतल्या बायकांनी हात केला तर मी घाईघाईने दुसरीकडे बघायची. मला ती जागा सोडायची नव्हती. मला इतकं वाईट वाटत होतं की मी रागावायचंसुद्धा विसरले, आणि तेव्हा घरच्यांना खरी काळजी वाटायला लागली.

माझ्या सासूबाई निवृत्त शिक्षिका आहेत. कैनाडच्या बाजूच्या शाळांत त्यांनी आयुष्य काढलं. मी त्यांना आई म्हणते. माझा राग नाकावर असतो, त्यांचा चष्म्याच्या वर असतो. चष्मा खाली घेऊन वरून बघितलं की समजायचं. एका रात्री जेवताना मी पुन्हा मूठ आखूड आहे म्हणून सुरू केलं, तर त्यांनी तसं बघितलं आणि म्हणाल्या, "नाचता येईना, अंगण वाकडं."

नवरा ताटात बघत हसला. मी भात न घेता उठले.

सकाळी मी चहाला स्वयंपाकघरात गेले. आमचा गॅसचा लायटर पिस्तुलाच्या आकाराचा आहे, मूठ, चाप सगळं. नवऱ्यानेच बाजारातून आणलेला, माझी थट्टा म्हणून. आई टेबलाशी मेथी निवडत बसल्या होत्या. मी लायटर उचलला, गॅस पेटवला, आधण ठेवलं. आई म्हणाल्या, "परत पेटव."

"काय?"

"लायटर. गॅस बंद ठेव आणि नुसता लायटर दाब. माझ्याकडे तोंड करून."

मी दाबला. खटकन आवाज होऊन ठिणगी पडली.

"अगं, ठिणगी पडायच्या आधीच डोळे मिटतेस तू," आई म्हणाल्या. "आणि मनगट खाली झुकवतेस. पूर्वी आपल्याकडे स्टो होता तेव्हाही तू काडी लावून पळायचीस. बंदुकीपुढेही हेच करत असशील."

मी म्हटलं, तसं काही नाही. परत दाबला. या वेळी मी स्वतःवर लक्ष ठेवलं होतं. ठिणगी पडायच्या अगदी जरासं आधी माझे डोळे मिटले, आणि लायटरचं टोक खाली गेलं. खाली आणि डावीकडे.

मी खुर्चीत बसले. आधी रडू आलं आणि मग हसू आलं, दोन्ही एकदम. जुन्या रिव्हॉल्व्हरचा चाप इतका लांब आणि जड की गोळी नेमकी कधी सुटणार हे मला कळायचंच नाही, म्हणून मी निवांत असायची. या पिस्तुलात ती भिंत बोटाला लागते, गोळी आता सुटणार हे आधीच कळतं, आणि माझा हात धक्क्याची वाट न बघता स्वतःच धक्का देऊन टाकतो. कुंकवाच्या खरखरीने ती सवय आणखी पक्की केली होती. हे सगळं मी आईंना समजावून सांगितलं. त्या मेथीची जुडी सोडत म्हणाल्या, "म्हणजे उतावळा नवरा नि गुडघ्याला बाशिंग."

मग आमच्या घरात शाळा भरली. आईंनी लायटरच्या टोकावर रुपयाचं नाणं ठेवायला सांगितलं. नाणं न पाडता ठिणगी पाडायची. पहिल्या दिवशी नाणं सतत पडत राहिलं. शेजारची गुजराती काकी वाटीभर साखर मागायला आली, तिने मला आईंच्या समोर लायटर रोखून उभी असलेली बघितलं आणि वाटी घेऊन तशीच परत गेली. नंतर आईंनी तिला बोलावून घेतलं आणि सगळं समजावलं. तीही बसली, आणि नाणं पडलं की "अरे रे" म्हणायला लागली.

युक्तीही आईंचीच. त्या म्हणाल्या, "ठिणगीचा विचार करू नकोस. मनात बाराखडी म्हण. क पासून सुरुवात कर आणि प्रत्येक अक्षराला चाप एक कणभर मागे घे. ठिणगी का ला पडेल, कू ला पडेल, कौ ला पडेल, तुला काय करायचंय. तू आपली बाराखडी पुरी कर."

बाराखडी. मी पोलीस, दिवसभर कमरेला पिस्तुल, आणि घरी आले की स्वयंपाकघरात उभी राहून क, का, कि, की. नवरा दारातून जाता जाता "कं, कः" म्हणून पूर्ण करायचा. पण खरं सांगते, त्या दिवाळीइतकी मजा आम्हाला कधी आली नाही. चकल्या तळता तळता सराव. फराळाला आलेल्या नणंदेनेही करून बघितलं, आणि तिचं नाणं पहिल्याच झटक्यात राहिलं, त्याचा मला दोन दिवस राग होता. भाऊबीजेच्या दिवशी माझी ठिणगी पडली, नाणं जागेवर राहिलं. परत पाडली, परत राहिलं. आईंनी जेवणाच्या त्या रात्रीसारखंच चष्म्यावरून बघितलं आणि म्हणाल्या, "आता खऱ्यावर कर."

ठाण्यात मी काकांच्या समोर पिस्तुल रिकामं करून, त्यांना दाखवून, रिकाम्या पिस्तुलाचा सराव सुरू केला. भिंतीवर टिंब काढलं होतं. काकांनी विचारलं, "ओठ कसले हलवता?" सांगितलं. ते मान हलवून आपल्या कामाला लागले. पण दोन दिवसांनी त्यांचेही ओठ हलताना दिसले.

परीक्षेच्या सकाळी मैदानात धुकं होतं. ते विरेपर्यंत आम्ही चहा घेत उभे राहिलो. पथकातले दोघे आधीच मारून आले होते आणि पास झाले होते. काकाही पास झाले, अगदी काठावर, आणि लहान मुलासारखे सगळ्यांना कागद दाखवत फिरत होते. मग माझं नाव पुकारलं. साहेब स्वतः मागे येऊन उभे राहिले. मी हात पॅंटला पुसले, भरलेली मॅगझिन लावली, उस्तादांनी हुकूम दिला.

पहिली गोळी. ये रे माझ्या मागल्या. बाराखडी सुरू करायच्या आतच हात झुकला, आणि दुर्बिणीतून बघणाऱ्या उस्तादांनी माझ्या मागे हळू आवाजात सांगितलं, "खाली डावीकडे." मला इतका राग आला की कानशिलं तापली. तो राग बरा होता. कितीतरी दिवसांनी तो माझा नेहमीचा राग होता. मी श्वास सोडला. क. का. कि. गोळी सुटली. उस्ताद काही बोलले नाहीत. पुन्हा. क. का. उस्ताद गप्प. पुढच्यांनाही ते गप्पच राहिले. ते चांगल्याला गप्प आहेत की वाईटाला, हे मला कळेना, आणि मागे वळून बघायची सोय नव्हती.

मग एका गोळीला मी चाप घेत गेले, कु, कू, के, आणि टक.

नुसतं टक. धक्का नाही, आवाज नाही. गोळी खराब निघाली होती, उडालीच नाही.

अशा वेळी पिस्तुल समोरच रोखून थांबायचं असतं. मी थांबले. सगळं मैदान चिडीचूप होतं. आणि त्या शांततेत मला दिसलं की नळीच्या टोकावरची नेमाची खूण काळ्या गोळ्याच्या मधोमध आहे. तिथेच. ती खाली गेली नव्हती, डावीकडे गेली नव्हती, केसभरही हलली नव्हती. धक्का आलाच नाही, म्हणून पहिल्यांदाच मला माझा स्वतःचा हात दिसला. तो निवांत होता. माझे डोळे उघडे होते.

मी हसायला लागले. पिस्तुल समोर रोखलेलं, आणि मी हसतेय.

उस्ताद शेजारी येऊन म्हणाले, "हसायला काय झालं?"

"काही नाही झालं, साहेब," मी म्हटलं. "काहीच नाही झालं."

ते माझ्याकडे बघत राहिले, मग पिस्तुलाकडे बघितलं, आणि त्यांना कळलं. त्यांनी मान हलवली. ती खराब गोळी त्यांनी काढली, बदली दुसरी दिली. ती आणि तिच्यानंतरच्या मी कशा मारल्या हे मला आठवतच नाही. मी मनात बाराखडी म्हणत होते आणि गालात हसत होते, एवढंच आठवतं. कागदापाशी गेलो तेव्हा पहिलं एक भोक कोपऱ्यात एकटंच होतं. बाकी सगळी मधे होती.

साहेब म्हणाले, "सकाळी सहाला नाकाबंदी आहे. उशीर करू नका." म्हणजे मी पथकात होते. त्यांनी दुसऱ्या कुठल्याही तऱ्हेने अभिनंदन केलं नाही आणि मला दुसरं काही नकोही होतं.

परतताना जीपमधून मी आईंना फोन लावला. पास झाले, सांगितलं. पण माझ्या डोक्यात ते नव्हतंच. मी त्यांना त्या न उडालेल्या गोळीचंच सांगत बसले. कसं टक झालं, कशी खूण हलली नाही, कसा मला माझा हात दिसला. सांगता सांगता मी रिकाम्या हाताने नेम धरून दाखवायला लागले. काका खिडकीबाहेर बघायला लागले.

आईंनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "मग त्या गोळीचे मार्क किती धरले?"

"तिचे कुठले मार्क, आई. ती कागदावर गेलीच नाही."

आईंनी उभ्या आयुष्यात कुणाला पैकीच्या पैकी दिले नव्हते. स्वतःच्या मुलालासुद्धा नाही, तो अजून त्याबद्दल कुरकुरतो.

"मी दिले," त्या म्हणाल्या. "पैकीच्या पैकी."

मी फोन मांडीवर ठेवला आणि सगळ्या पथकादेखत ढसाढसा रडले.